शीर डावीकडे गेली होती

खाणीत सगळे मामाला डावेमामा म्हणायचे. तो काही डावखुरा नव्हता. खाणीतली सोन्याची शीर एके दिवशी मध्येच संपली. फार पूर्वी कधीतरी खडक तुटून सरकला होता आणि शिरेचा पुढचा भाग त्याच्याबरोबर गेला होता. साहेबांनी उजवीकडे बोगदे खणले. मामा तेव्हा मुकादम होता. सरकलेल्या भिंतीवर तळवा फिरवून तो सांगायचा, "एका बाजूने गुळगुळीत लागतंय, उलट्या बाजूने खरखरीत. शीर डावीकडे गेलीय, खाली." कुणी ऐकलं नाही. उजवीकडे काहीच लागलं नाही आणि खाण बंद पडली.

मामाने पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण पंचवीस वर्षं जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांसमोर त्याचं एकच पालुपद, डावीकडे. त्याची भाची त्याच्याच घरी लहानाची मोठी झाली आणि भूगर्भशास्त्र शिकली, तेव्हा मामीने कपाळाला हात लावला. "घरात एक वेडा पुरेसा नव्हता का?"

पुढे एका नव्या कंपनीने तीच खाण तपासायला घेतली आणि भाचीला तिथे नोकरी लागली. मॅनेजरच्या मागे लागून लागून तिने एक भोक डावीकडे पाडायला लावलं. एकशे ब्याऐंशी मीटरवर पांढरी गारगोटी लागली, सोन्याची शीर जिच्यात असते ती. चांगली तीन मीटर जाडीची. मामाच्या ओळखीच्या ड्रिलवाल्याने खडकाचे दंडगोल लाकडी खोक्यात ओळीने लावले आणि तिला विचारायच्या आधीच मामाला फोन केला.

पाठोपाठ मामाचा फोन आला. "किती जाड?"

"तीन मीटर."

त्याने तो आकडा स्वतःशीच पुन्हा म्हटला. मग म्हणाला, "सोन्याच्या तपासणीचं कळलं की सांग."

तपासणीचा कागद आठवड्याने आला. भाचीने तो घडी करून खिशात ठेवला. दोन दिवस तिला फोन करायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी मामा स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून खोकी ठेवलेल्या शेडमध्ये येऊन उभा राहिला.

त्याने तांब्यातलं पाणी खडकावर ओतलं, तिचं भिंग घेतलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून पाहत गेला. "दुधासारखी पांढरी आहे."

"हो."

"आपल्या शिरेत काळ्या रेघा होत्या. वहीच्या पानांसारख्या. हिच्यात कुठायत?"

"नाहीत, मामा." ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "जुना भाग शेकडो वेळा फुटला होता. खालून गरम पाणी दाबाने यायचं, खडक तडकायचा, दाब सुटला की गारगोटी जमून भेग बुजायची. मग पुन्हा दाब, पुन्हा तडा. दरवेळी बाजूच्या खडकाचा एक काळा पापुद्रा आत अडकायचा. पाण्यातलं गंधक सोन्याला धरून यायचं. खडकातलं लोखंड भेटलं की गंधक त्या लोखंडाला चिकटायचं आणि सोनं तिथेच सुटायचं."

"आणि इथे?"

"इथे भेग एकदाच उघडली, एकदाच भरली. बाजूचा खडक बघ, हिरवागार आहे. पाणी त्याच्यात मुरलंच नाही." तिने खिशातला कागद काढला. "सोनं नाही. परवाच कळलं."

"परवा?" मामाचा आवाज चढला. "मी एवढी वर्षं लोकांची डोकी खाल्ली आणि तू मला दोन दिवस सांभाळत बसलीस?"

"सांगायला जीभ रेटली नाही."

तो स्टुलावर बसला. कागद वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, "पण शीर तीच ना?"

"तीच. जुन्या शिरेशेजारचा ठिपक्यांचा खडकसुद्धा इथे आहे. तू दाखवलेल्या जागेपासून चार मीटरवर."

"म्हणजे तेव्हा साहेबांनी माझं ऐकलं असतं तर…"

"इथे येऊन थांबले असते. खाण वर्षभर उशिरा बंद झाली असती, इतकंच."

मामाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "दीडशे माणसं होती आमची," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी मिळमिळीत बोललो. साहेबाच्या टेबलावर हात आपटला असता तर सगळ्यांच्या नोकऱ्या राहिल्या असत्या. आमचा सुरुंगवाला तर बायकापोरं सोडून परगावी गेला. परत आलाय म्हणतात, पण मी त्याच्या गल्लीतून जात नाही."

भाची त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिला वाटायचं, मामा फुशारकी मारतो.

"मी कितीही ओरडलो असतो, तरी काही झालं नसतं ना?" त्याने विचारलं.

"काही नाही, मामा."

"नक्की?"

"नक्की."

तो उठला. खोक्याचं झाकण त्यानेच लावलं. "तुझी गाडी आहे ना? मला सुरुंगवाल्याकडे सोड."

दारात सुरुंगवाल्याने आधी त्याला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून आत नेलं. भाची गाडीत बसून होती. मॅनेजरचा फोन आला की उद्यापासून ड्रिलचं मशीन उत्तरेकडच्या टेकडीवर हलवायचंय. ती बरं म्हणाली. उघड्या दारातून दोघे दिसत होते, बोलणंही ऐकू येत होतं. मामा हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि सुरुंगवाला मध्येच म्हणाला, "अरे, पण चहा तर घे आधी."