चौकशी झालीच नाही

इस्पितळातल्या डॉक्टरांच्या पदव्या, परवाने आणि ऑपरेशनांच्या नोंदी अठरा वर्षं एकटीने सांभाळणाऱ्या बाईंना सगळे फाइलताई म्हणत. दर दोन वर्षांनी प्रत्येक डॉक्टरचा कागद समितीपुढे जायचा: ऑपरेशनं किती केली, बिघडली किती. समितीने मान डोलावली की पुढची दोन वर्षं मोकळी.

यंदा थोरल्या सर्जनांचा कागद करताना फाइलताईंचा हात थबकला. पित्ताशय काढताना शेजारची पित्तनळी कापली गेली, असं एका वर्षात सात रोग्यांचं झालं होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, सातच. सर्जन म्हणजे लोण्यासारखा माणूस. जिन्यात भेटले तरी आईच्या गुडघ्याबद्दल विचारणार. फाइलताईंच्या नवऱ्याचं पोटही त्यांनीच शिवलेलं, टाका कुठे होता ते शोधावं लागे. पण हल्ली ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत.

समितीचे अध्यक्ष सर्जनांच्याच हाताखाली शिकलेले. कागद पालथा ठेवत ते म्हणाले, "हात कुणाचा चुकत नाही, ताई?"

"एखाद्या वेळी चुकतो, साहेब. सात वेळा?"

अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आठवड्याने सर्जनांनी आपणहून राजीनामा दिला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. निरोपाच्या समारंभात अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली.

दीड महिन्याने दुसऱ्या गावच्या इस्पितळातून फॉर्म आला. सर्जन तिथे रुजू व्हायचे होते. 'यांची कधी चौकशी झाली होती का?' खाली फाइलताईंची सही हवी होती.

"'नाही' लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"खोटं कसं लिहू?"

"खोटं कुठाय त्यात? चौकशी झालीच नाही. आपण होऊच दिली नाही."

घरी नवरा म्हणाला, "देवमाणूस आहे तो. आणि तू एकटी काय दिवे लावणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. पण जिवाला चैन पडेना, म्हणून चार दिवसांनी त्यांनी तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या बाईला फोन लावला आणि सात रोग्यांचं सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "कागदावर तुम्हीच 'नाही' म्हटलंय. आता दुसरं लेखी देता का?"

"लेखी कसं देणार?" फाइलताई म्हणाल्या.

"मग मीही काही ऐकलं नाही," ती म्हणाली.

चार महिन्यांनी त्या गावाहून एका शिक्षिकेला इथे हलवलं. अंग पिवळंधमक, पित्तनळी कापलेली. नवव्या दिवशी ती गेली. तिचा भाऊ मृत्यूच्या दाखल्यासाठी चुकून फाइलताईंच्या खिडकीशी आला.

"ते डॉक्टर आधी इथेच होते ना?" त्याने विचारलं. "मीच बहिणीला म्हणालो, एवढ्या मोठ्या इस्पितळातले आहेत, डोळे झाकून जा."

फाइलताईंनी समोरची फाइल मिटली.

"दाखला पलीकडच्या खिडकीत मिळतो," त्या म्हणाल्या.

तो "बरं, ताई," म्हणाला आणि तिकडच्या रांगेत जाऊन उभा राहिला.