कुमुदकाकूंची जमीन

अर्धा टेप

नातीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कुमुदकाकू पोरे यांच्या बोटातून, सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान निसटलं आणि फरशीवर पोचायला त्याला बराच वेळ लागला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग दुसऱ्याच कुणाच्या घरात पडल्यासारखा टण्ण असा आवाज आला.

काकूंनी शिलाई मशीनवरून वाकून पाहिलं. फरशी खाली गेली होती. फार नाही, मापाच्या टेपने अर्धा टेपभर. त्या सरळ बसल्या तशी ती जागेवर आली. पुन्हा वाकल्या, पुन्हा खाली गेली. कमरेत एक कळ उठली, ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरली, आणि काकूंनी अंगुस्तानाचा नाद सोडला.

चाळीस वर्षं फलटणात त्या ब्लाउज शिवत होत्या. बाहीला हात घातला की बाईचा स्वभाव सांगत. मान पुढे, खांदे वर, डावा पाय अवघडलेला, ही त्यांची बसण्याची तऱ्हा. आणि कंबर दुखली की ‘दुखते मेली’ म्हणून पुढची शिवण घ्यायची, हा त्यांचा औषधोपचार.

त्यांचे यजमान दिगंबरकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते गुडघ्यावर बसून मशीनखाली हात फिरवून आले. काकांची जमीन काकांपाशीच होती, पण अंगुस्तान काही तिच्यावर नव्हतं. ते म्हणाले, राहत्या घरात विहीर काढायला नगरपालिकेची परवानगी लागते, तू न विचारता काढलीस.

दोन टेप

संध्याकाळपर्यंत खडू गेला, सहा बटणं गेली, एक छोटी कात्री गेली. काकूंच्या हातून पडलेली वस्तू काकूंच्याच जमिनीवर पडत होती आणि तिथवर दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं, तर काकूंनी चुंबक दोरीला बांधून सोडलं असतं आणि कामाला लागल्या असत्या. पण बारसं नऊ दिवसांवर आलं होतं. बारशाला बाळ पाळण्याखालून द्यायचं, पलीकडच्या बाईने घ्यायचं, पाळण्यावरून परत करायचं. असं पाच वेळा. खालून द्यायचा मान आईच्या आईचा. त्यासाठी वाकावं लागतं.

मुलगी शलाका आतल्या खोलीत बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिने आईच्या हातून बटण पडताना ऐकलं. तिने बाळाला अंगाशी जरा घट्ट धरलं. काकूंनी ते पाहिलं. कमरेतल्या कळेपेक्षा ती कळ मोठी होती.

बातमी पोचली तसा साताऱ्याहून विहीणबाईंचा, हेमलताबाई हेंद्र्यांचा, फोन आला. त्या शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं एकाच खुर्चीवर होत्या आणि त्यांचं बोलणंही त्या खुर्चीवरूनच यायचं. त्यांनी फार गोड आवाजात सुचवलं, की बाळ खालून द्यायला त्यांची धाकटी जाऊ आहे, कुमुदताईंनी आपलं बसून बघावं. आमच्याकडे नाही बाई कुणाची जमीन अशी जात, असंही म्हणाल्या.

तीन टेप

शलाकाला बाळंतपणानंतरचे व्यायाम सांगायला तरन्नुम मुलाणी घरी यायची. शलाकाहून दोन वर्षांनी मोठी, फिजिओथेरपीचं शिकलेली, गावात स्वतःची एक खोली आणि त्या खोलीत एक पलंग, दोन चेंडू, भिंतीला पट्ट्या. हात मात्र असे, की तिने नुसतं खांद्यावर ठेवले तरी खांद्याला आपली चूक कळावी.

शलाकाचं झाल्यावर तिने काकूंना वाकायला सांगितलं. फरशी खाली गेली. तरन्नुमने खिशातून एक बटण काढून काकूंच्या हातात दिलं, सोडायला सांगितलं, आणि आवाज येईपर्यंत मोजलं.

“सहा,” ती म्हणाली. “तीन टेप असेल. गेल्या महिन्यात एका मास्तरांची अकरा आकड्यांवर होती.”

“मग? त्यांचं काय झालं?”

“आता बुटाची नाडी बांधतात.”

काकूंना तिच्याविषयी जे काही वाटायला लागलं, ते इथून. गेल्या दोन दिवसांत जो येई तो फरशीकडे बघून चकचक करी, कुणी नारळ ठेवायला सांगे. या मुलीने वाहतं नाक बघावं तसं बघितलं. मग जिथे कुणाचा हात पोचत नव्हता तिथे ती स्वतः, काकूंच्या पायाशी, खाली उतरली. काकू वाकून बघत होत्या आणि तरन्नुम लहान लहान होत तळाशी गेली, तिथे पाठीवर झोपली, गुडघे वर घेतले, आणि तिथून बोलू लागली. आवाज आडातून यावा तसा येत होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

*पाठीवर झोपा. गुडघे वर. श्वास सोडत कंबर खाली टेकवा. पाच मोजा. सोडा. दहा वेळा.*

*हात-गुडघ्यांवर या. मांजरीसारखी पाठ वर. मग खाली. दहा वेळा.*

*बॉबिनचा दोरा संपला की उठा. उठून दारापर्यंत जा. दारात काही काम नसलं तरी जा.*

“मला तिथे उतरता नाही यायचं,” काकू वरून म्हणाल्या.

“पलंगावर करा. पलंग अजून तुमच्याजवळ आहे.”

वर येताना तिने काकूंचं अंगुस्तान आणलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, ते तुमचं तुम्हीच उचलायचं असतं, मावशी.

सात टेप

इथे काकूंकडून चूक झाली, आणि ती चूक त्यांच्या आळीतच होऊ शकते.

आळीतल्या एकोणीस बायका दर मंगळवारी अथर्वशीर्षाची आवर्तनं करत. कुणी आजारी पडली, कुणाची अडचण आली, की तिच्या वाटची आवर्तनं बाकीच्या वाटून घेत आणि संकल्पात तिचं नाव घालत. एकवीस म्हटली की एकवीस भरायची. कुणाच्या तोंडून, याला महत्त्व नाही. मंडळाच्या प्रमुख शैलजावहिनी वाळिंबे यांनी तरन्नुमने लिहून दिलेला व्यायामांचा कागद वाचला आणि हिशेब मांडला. बारशाच्या आत काकूंची सहस्र मांजरं व्हायला हवीत. एकटीला कशी झेपणार?

वाटणी झाली. वहिनींनी हातात पाणी घेऊन कुमुद दिगंबर पोरे असं नाव उच्चारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस घरांत एकोणीस बायका सतरंज्यांवर हात-गुडघे टेकून पाठी वर-खाली करू लागल्या. पारगावकरांच्या सासूबाई सत्तरीच्या, त्यांनीही वीस केली. कुणी दार वाजवलं तर आतून उत्तर येई, थांबा, कुमुदचं चाललंय.

काकू निश्चिंतपणे मशीनवर बसल्या. बाळाची कुंची शिवायची होती, झबली होती, पाळण्याच्या कडेची झालर होती. तीन दिवस त्या जेवणापुरत्या उठल्या.

चौथ्या सकाळी शैलजावहिनींनी अंगणात रांगोळी काढली, ती उभ्यानेच. त्यांनी हात खाली केला आणि जमीन चांगली हातभर वर येऊन बोटांना लागली. पारगावकरांच्या सासूबाईंनी तुळशीपाशी पडलेलं फूल न वाकता उचललं आणि स्वतःशीच हसल्या. आळीत सगळीकडे जमिनी वर आल्या होत्या. बायका एकमेकींना हाका मारून दाखवत होत्या. कितीतरी वर्षांनी त्यांना आपल्या पायाची बोटं जवळून दिसत होती.

काकूंनी सुई सोडून पाहिली. सुईचा आवाज आलाच नाही.

चौदा टेप

तरन्नुम आली तेव्हा काकू मशीनवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. वहिनींनी झालेला प्रकार सांगितला. थोड्या ओशाळल्या होत्या, पण ताठ उभ्या होत्या. तरन्नुम रागावली नाही. तिने वहिनींच्या पाठीवरून हात फिरवून छान झालंय म्हणून सांगितलं आणि मग काकूंच्या समोर येऊन बसली.

“दुसऱ्याच्या नावाने होत नाही का गं?” काकूंनी विचारलं.

“होतं. पण ज्याची पाठ, त्याचीच जमीन वर येते.”

“चार दिवस राहिलेत.”

“शलाका मला काल म्हणाली, बाळ आईच्याच हातात द्यायचंय. बाकी कुणाच्या नाही.”

काकूंनी डोळे पुसले आणि पलंगावर आडव्या झाल्या.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दहा वेळा कंबर टेकवली, दहा वेळा सोडली. बटण टाकलं, चौदा टेप. तरन्नुमने खुर्चीवर घडी करून चादर ठेवली, पायांखाली पाट दिला, मशीन चार बोटं पुढे ओढलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काकूंचे खांदे कानांपासून दूर झाले. बॉबिन संपली की त्या उठून दारापर्यंत जात. दारात काही काम नसे. समोरच्या भिंतीवर एक पिंपळ उगवला होता, तो त्यांनी त्या आठवड्यात पाहिला. दिगंबरकाका प्रत्येक फेरीला बसल्या जागेवरून टिंग टिंग अशी डबल बेल द्यायचे. तिसऱ्या दिवशी तेही मागून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी बटण आधी वाजलं. तेरा टेप.

तरन्नुम सकाळ-संध्याकाळ येई. बोट एका मणक्यावर ठेवून सांगे, इथून श्वास सोडा. काकूंना आधी ते हास्यास्पद वाटे, श्वास काय पाठीतून सोडतात. आणि मग तो तिथून सुटे. असं कसब काकूंनी आपल्या, कापड न मोजता कापणाऱ्या वडिलांपाशी पाहिलं होतं. पण वडील कुणाला शिकवत नसत. ही मुलगी आपलं सगळं कसब समोरच्याच्या अंगात ठेवून रिकाम्या हाताने घरी जाई.

तिसऱ्या दिवशी नऊ टेप. चौथ्या दिवशी दोन, आणि काकू सतरंजीवर उतरल्या, स्वतःच्या. मांजरीसारखी पाठ वर केली तेव्हा खालून जमीनही तेवढीच वर आली.

एक वीत

बारशाच्या सकाळी बटण टाकलं. मोजायला तोंड उघडेपर्यंत वाजलं.

“वीतभर राहिली,” काकू म्हणाल्या.

“राहू दे. वीतभर सगळ्यांचीच असते. उद्याही करायचंय ना.”

हेमलताबाई दहा माणसं घेऊन साताऱ्याहून आल्या. जाऊबाईंना त्यांनी पाळण्यापाशी पुढे उभं केलं. शलाकाने जाऊबाईंना नमस्कार केला, त्यांच्या शेजारून गेली आणि बाळ आईच्या हातात दिलं. हेमलताबाई मग स्वतःच पलीकडच्या बाजूला घ्यायला उभ्या राहिल्या. पारखायलाच म्हणा. एकोणीस बायका भिंतीला लागून ताठ उभ्या होत्या. तरन्नुम दारात होती.

काकूंनी एक पाय पुढे टाकला. बाळ छातीशी धरलं. श्वास सोडत गुडघ्यांतून वाकल्या, पाठ सरळ ठेवून, शिकवलं होतं तसं. फरशी वीतभर खाली गेली, थांबली, आणि हळूच वर येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली. तिच्यावर खडू होता, कात्री होती, सगळी बटणं होती, आणि मधोमध अंगुस्तान. शलाकाने रोखलेला श्वास सोडला. तो सगळ्या खोलीला ऐकू आला.

काकूंनी बाळाला पाळण्याखाली पुढे केलं.

“गोविंद घ्या,” त्या म्हणाल्या.

हेमलताबाई वाकल्या. त्यांचे हात पाळण्याखाली आले आणि अर्ध्यावर राहिले. बाळ आणि त्यांची बोटं यांच्यात हातभर अंतर होतं आणि ते वाढत होतं. त्यांच्या बाजूच्या फरशा एकेक करून खाली निघाल्या होत्या. त्यांच्या मनगटातली सैल पाटली सुटली आणि खाली गेली.

कुणी हललं नाही. तरन्नुमने ओढणी कमरेला खोचली आणि दारातच चपला काढल्या.

काकूंनी बाळ परत छातीशी घेतलं. त्यांची कंबर दुखत नव्हती.

“हात तसेच ठेवा, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “श्वास सोडा.”

आणि पाटलीचा आवाज येईपर्यंत त्या मोजू लागल्या. सहाला वहिनींनी डोळे मिटले. अकराला बाळ जागं झालं, आणि तेही ऐकू लागलं.

बारा. तेरा. चौदा.