ओरखडाही नाही

नोसाखारेने मिनीबस भरून पोरं आणली होती. त्यांना आधीच पाजलेली आहे, हे वासावरूनच कळत होतं. त्यांनी संग्रहालयाचं फाटक उखडलं आणि आमचे म्हातारे भांडारपाल, पा इगिएबोर, यांना जेवणावरून उठवून फरफटत अंगणात आणलं. मी प्रयोगशाळेतून धावत खाली येईपर्यंत त्यांच्या गळ्यात टायर पडलाही होता. एकाने पेट्रोलचा कॅन त्यांच्या डोक्यावर उपडा केला. डोळ्यांत गेलं तसे ते गुरासारखे ओरडले.

"घंटा बदलली याने!" नोसाखारे बोंबलत होता. "आजोबांची घंटा विकून खाल्ली आणि हे खेळणं आमच्या हातात ठेवलं!"

घंटा त्याच्या आत्याने, इये ओमोसेदेने, छातीशी धरली होती. चौकोनी, जाड पितळेची, दर्शनी बाजूला माणसाचा चेहरा. चोरांच्या भीतीने हे घराणं ती वर्षभर आमच्याकडे ठेवतं आणि पूर्वजांच्या पूजेपुरती घरी नेतं. पूजेत तिच्यावर बोकडाचं रक्त ओततात आणि त्या घरात ते कधीच धूत नाहीत, कारण ते मेलेल्यांचं जेवण. पिढ्यान्‌पिढ्या रक्त आणि पांढरा खडू साचून ती काळीठिक्कर पडली होती. आता ती लखलखत होती.

"दिसायचं सोड," इये मला म्हणाली. "हिचा आवाज ऐक. आमची घंटा घोगरी बोलायची, माझ्या बापासारखी."

तिने घंटा हलवली. नाद खणखणीत निघाला.

"पोरी, हातमोजे घातल्याशिवाय मी तिला कधी शिवलोही नाही गं!" पा इगिएबोर हुंदके देत मला म्हणाले. कुणीतरी त्यांच्या तोंडावर लाथ मारली. त्यांचे दात रक्ताने भरले.

"थांबा! मी यंत्र आणते, ते सांगेल," मी ओरडले.

"कसलं यंत्र? काडी लाव रे!"

"तू गप!" इयेने भाच्याला झापलं. "घंटा न्यायला तू आलास, तेव्हा हिने घंटेवर ते यंत्र धरलं होतं, तूच सांगितलंस. परत धरू दे."

मी यंत्र घेऊन आले. त्याला पिस्तुलासारखा घोडा आहे, तोंडही तसंच. ते पाहताच निम्मी पोरं जमिनीवर आडवी झाली.

"उठा, शूरवीरांनो," मी म्हणाले. रागाने माझे कान तापले होते. "यातून गोळी सुटत नाही. धातूत काय काय मिसळलंय तेवढंच हे सांगतं. घंटेला साधा ओरखडाही पडत नाही."

आधी घंटेच्या पोकळीत, मग बाहेरच्या अंगाला यंत्राचं तोंड टेकवून मी घोडा दाबला. तांबं, जस्त, शिसं, थोडं अँटिमनी. नेतानाचे आकडे यंत्रातच होते. धातूचे तंतोतंत जुळले.

"तीच घंटा आहे," मी म्हणाले. "आजकाल नळ आणि कुलुपं वितळवून ओततात, त्या पितळेत हे मिश्रण येत नाही. वरचा थर गेला म्हणून आवाज बदलला."

मला वाटलं, सुटलो. काय ती माझी अक्कल!

"तीच?" इयेचा आवाज खाली आला. "मग आमचं रक्त कुठे गेलं?"

"यानेच घासलं!" नोसाखारेला विचारही करावा लागला नाही. "बापजाद्यांच्या तोंडचा घास काढला! हे तर चोरीहून वाईट. पेटवा याला!"

एका पोराने लायटर पेटवला आणि पा इगिएबोरच्या दाढीजवळ नेला. मी नोसाखारेकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो मला विनवत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंदाच्या पूजेत त्याला मानाची पदवी मिळायची होती. कॅमेरेवाले येणार होते. मला त्याची इतकी किळस आली की एक शब्द बोलून त्याला संपवावं असं वाटलं, आणि तो शब्द माझ्याकडे होता. पोरांचे चेहरे बघून तो शब्द काय करेल हेही मला कळत होतं. पण लायटर दाढीला लागणार होता.

"इये, घंटा इथून निघाली तेव्हा तिच्यावर लोखंड भरपूर दाखवत होतं," मी म्हणाले. "ते रक्तातलं. आज नुसतं खाचांमध्ये उरलंय. ती तुमच्या घरात घासलीय."

लायटर विझला.

"नोसा?" इये वळली.

"आत्या, फोटोत काळीकुट्ट दिसली असती गं. नुसतं लिंबू आणि वाळू... मला काय माहीत, तू आवाजावरून ओळखशील!"

"आणि या म्हाताऱ्याला जाळत होतास?"

"आत्या, ऐक तर—"

तिने दोन्ही हातांनी घंटा फिरवली. कोपरा त्याच्या कानशिलात बसला आणि नाद अंगणभर घुमला. तो गुडघ्यांवर आला. तिने पुन्हा हाणली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने कोपराने माझं नाक फोडलं. तो पालथा पडल्यावरही ती मारत राहिली. शेवटी घंटा वाजेना, नुसता ओला आवाज येऊ लागला. त्यानेच आणलेल्या पोरांपैकी एकही पुढे झाला नाही. लायटरवाला सगळ्यांत आधी मिनीबसमध्ये चढला.

बस निघून गेली. पा इगिएबोर स्वतःच्या हातांनी गळ्यातला टायर काढत होते. तो खांद्यांत अडकला होता. त्यांना मदत करायचं मला सुचलंच नाही.

इये धापा टाकत पायरीवर बसली. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिने घंटा माझ्यापुढे धरली.

"बघ तुझ्या यंत्राने," ती म्हणाली. "आता आहे ना रक्त?"

यंत्र अजून चालूच होतं. मी ते का धरलं, कोण जाणे. पडद्यावर लोखंडाचा आकडा चढू लागला. चेहरा, कडा, कोपरे मी सगळे पाहिले. घंटेला कुठे पोचाही आला नव्हता.

"आहे, इये," मी म्हणाले. "आहे."