सोसण्याला नकार

शिडीवरून पडून वेल्डरबाईच्या बरगड्या मोडल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दीर्घ श्वास घ्या, खोकून कफ काढा. नाहीतर न्यूमोनिया होईल." सोबत दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. थोरल्या भावानं, दादानं, पाकीट वाचलं आणि सरळ आपल्या कपाटात कुलूपबंद केलं.

"अफूच्या जातीचं औषध आहे ते. चटक लागली की संपलं! थोडी कळ काढ."

तिनं काढली. श्वास घोटाघोटानं घेतला, खोकला आला की तोंडावर उशी दाबून तो गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत घरघर सुरू झाली.

"दादा, गोळ्या दे."

"सहन करायला शीक."

"जन्मभर अंगावर ठिणग्या झेलल्यात मी. मला शिकवू नकोस!"

तिनं पायांत चपला सरकवल्या आणि भिंतीला धरून जिना उतरू लागली. "अगं, वेडी का खुळी!" म्हणत दादा मागे धावला, पण ती काही थांबली नाही. रिक्षात बसतानाही तिनं त्याचा हात झिडकारला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि दादाकडे वळल्या. "या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक मेंदूत वेदनेची जाणीव बोथट करतं, दुसरं वेगळ्या वाटेनं दुखणं उतरवतं. जोडीनं दिली की अफूच्या जातीचं औषध थोडंच पुरतं."

"आणि चटक?"

"लागू शकते. म्हणूनच थोडेच दिवस, सांगितलं तेवढंच. दारू नको, झोपेची गोळी नको. पॅरासिटामॉल यातच आहे, वरून वेगळी घ्यायची नाही."

"ऐकलंस?" वेल्डरबाई म्हणाली. तिथंच वॉर्डातल्या खाटेवर बसून तिनं डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी घेतली. दुखणं पळालं नाही, पण तासाभरात मागे सरलं. तिनं खाटेवरची उशी छातीशी घट्ट धरली आणि सगळा वॉर्ड वळून पाहील अशी खोकली.

"हळू गं!"

"हळू खोकायला मी काय चोरी करतेय?"

घरी आल्यावर दादानं कपाट उघडून पाकीट तिच्या हवाली केलं. कुशीवर झोपता येऊ लागलं तशी तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून गोळ्या कमी केल्या, मग बंद. उरलेल्या परत द्यायला निघाली, तर दादा म्हणाला, "राहू दे की घरात. माझी कंबर धरते अधूनमधून."

"तू कळ काढ," ती म्हणाली, "नाहीतर डॉक्टरांकडे चल. या माझ्या होत्या." आणि पाकीट घेऊन बाहेर पडली.