गोधडीच्या टाक्यांचं विमान

गायी विकल्या त्या हिवाळ्यात आर्डिथ हॉगेनला पहाटे अंधारात जाग यायची आणि मग करायला काहीच नसायचं. उभा जन्म धारा काढण्यात गेलेला. हात सवयीने बादली शोधायचे आणि हाताला कॉफीचा कप लागायचा. मिनेसोटातल्या ब्रेकेदाल गावाबाहेरच्या त्या शेतावर बर्फ खिडकीच्या कठड्यापर्यंत आलेला, आणि तिचा नवरा डेल्मर समोर बसून हवामानाच्या बातम्या दुसऱ्यांदा ऐकत असलेला. अशाच एका सकाळी तिने त्याला सांगून टाकलं, की ती विमान बांधणार आहे.

लग्नाआधी आर्डिथ विमान चालवायला शिकली होती. शेतांवर औषध फवारणाऱ्या एका वैमानिकाकडे हिशेब लिहायची आणि पगाराऐवजी उड्डाणाचे तास मागून घ्यायची. मग लग्न झालं, गायी आल्या, मुली झाल्या. आकाश जागच्या जागी राहिलं, तिला मान वर करायला सवड मिळेनाशी झाली. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती कुणाला न सांगता पुन्हा शिकवणीला जाऊन आली होती, आणि आता पोस्टाने विमान बांधायचे नकाशे मागवून बसली होती. विमान जुन्या घाटाचं, तिच्या आजोबांच्या तरुणपणातलं. सगळा सांगाडा लाकडाचा, अंग कापडाचं, डोक्यावर छत्रीसारखा एकच लांब पंख, एकामागे एक दोन उघड्या बैठका आणि नाकाशी जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन.

डेल्मरला उंचीची भीती. स्वतःच्या शेतातल्या चाऱ्याच्या मनोऱ्यावर तो कधी चढला नाही, ते काम पहिल्या वर्षापासून आर्डिथच करायची. त्याने नकाशे उलटसुलट करून पाहिले.

"बांध," तो म्हणाला. "पण मला त्यात बस म्हणू नकोस."

"तुला कोण बोलावतंय?"

दुपारी ती गोठ्याकडे गेली, तर हा माणूस गव्हाणी उखडून जागा मोकळी करत होता.

तीन हिवाळे त्यात गेले. पंखाच्या फासळ्या म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या काड्यांचे नाजूक सांगाडे. त्यांचा डिंक थंडीत धरत नाही, म्हणून त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच झाल्या. घरातली दोघं तेवढे महिने ओट्याशी उभ्याने जेवली. डेल्मरचा हात लाकडाला गोड होता. त्याची फासळी साच्यातून निघाली की आर्डिथ ती दिव्यासमोर धरून सांधे बघायची, आणि खोट सापडली नाही की तिलाच उगाच चुकल्यासारखं वाटायचं. इंजिन भंगारवाल्याकडे एका पडक्या करवतीच्या गिरणीला जोडलेलं सापडलं. ते तिने सुटं करून, घासून, नवे भाग घालून उभं केलं. पहिल्यांदा ते गोठ्याच्या दारात धडधडलं, तेव्हा छपरावरचा बर्फ एकदम घसरून खाली आला आणि दोघं लहान पोरांसारखी हसत सुटली.

अडलं ते कापडापाशी. सांगाड्यावर कापड चिकटवायचं, गरम इस्त्रीने ताणून घ्यायचं आणि मग प्रत्येक फासळीला ते आरपार शिवायचं. हातभर लांब सुई वरून खाली घालायची, खाली दुसऱ्या माणसाने ती परत वर द्यायची, वर गाठ मारायची, की पुढचा टाका. आर्डिथ वर आणि डेल्मर खाली अशी दोघं एक संध्याकाळ बसली. डेल्मरची सुई फासळीच्या कधी डावीकडे निघे, कधी उजवीकडे, एकदा तर थेट आर्डिथच्या अंगठ्यात.

दर बुधवारी चर्चच्या सभागृहात गावातल्या बायका जमून गोधड्या शिवायच्या, दूरदेशीच्या निर्वासितांना पाठवायला. त्यांची म्होरकी लव्होन ब्रेके. ही आर्डिथच्या आईची मैत्रीण, म्हणून आर्डिथची मावशी. पंचाहत्तरी उलटलेली, पण टाका असा की मोजपट्टीने आखल्यागत. दुसरीचा वाकडा टाका दिसला, की ती सरळ उसवायला घ्यायची. आर्डिथने तिला सगळं समजावून सांगितलं. लव्होनने सुई हातात घेऊन टोक तपासलं.

"यातला टाका सुटला तर काय होईल?"

"वारा आत शिरेल, कापड फुगेल, फाटेल आणि मी खाली येईन."

"बरं," लव्होन म्हणाली. "मग बायकांना सांगते, तोंडं जरा कमी चालवा."

पंखाचे दोन तुकडे गवताच्या गाड्यावर घालून सभागृहात आणले, सुताराच्या लाकडी घोड्यांवर ठेवले. जोडीतली एक बाई वर खुर्चीत, दुसरी खाली जमिनीवर उश्या मांडून उताणी. खालचीने वरचीला सुई द्यायची आणि गावातल्या बातम्याही. तोंडं काही कमी चालली नाहीत. पण एकदा गाठ समजल्यावर हात असे चालायला लागले की आर्डिथला रीळ पुरवता पुरवता धाप लागली. लव्होन मागून फिरत होती आणि तिच्या सख्ख्या जावेच्या दोन गाठी तिने कापून टाकल्या. जाऊ म्हणाली, "गोधडीला एवढं नाही गं बघत तू." त्यावर लव्होनने सांगितलं, की गोधडीतून कुणी पडत नाही. शेवटची फासळी झाली तेव्हा तिने पंखावर टिचकी मारली. कापड डफासारखं वाजलं, आणि साऱ्या बायका एकेक करून टिचक्या मारायला आल्या.

पुढे रंगाचे हात झाले, तारा ताणून झाल्या, इंजिन कितीदा चालवून पाहिलं. सरकारी तपासनीस आला, बॅटरी आणि आरसा घेऊन दिवसभर कानाकोपऱ्यात डोकं घालत राहिला आणि सही करून गेला. एकच अट होती. पहिले काही तास आर्डिथने एकटीने उडवायचं, दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. डेल्मरच्या खांद्यांवरून धोंड उतरल्यासारखं दिसलं. त्या आनंदात, उद्या गाव बघायला येणार म्हणून त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकणही लाल रंगवलं. पिवळ्याधमक विमानावर ते कुंकवाच्या टिळ्यासारखं दिसायला लागलं.

जूनमधली ती सकाळ वारा पडलेली होती. पूर्वी गायी चरायच्या ते कुरण कापून धावपट्टी केली होती. कडेने बायका घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या आणि रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचे डबे हातोहात फिरत होते. आर्डिथने विमानाभोवती फिरून एकेक तार, एकेक खिळा हाताने चाचपला. ती मागच्या बैठकीत बसली. डेल्मरने नाकावरचा लाकडी पंखा दोन्ही हातांनी खाली ओढला, इंजिन खोकलं आणि लागलं. तो चाकांखालचे ठोकळे काढून बाजूला झाला. तिच्याकडे त्याने बघितलं नाही, चाकांकडे बघत राहिला.

विमान धावायला लागलं. शेपूट उचललं, गवत सरसर मागे जायला लागलं आणि मग सुकाणूच्या दांड्यातली धडधड एकाएकी थांबली. चाकं जमिनीवर नव्हती. ते आर्डिथच्या आधी ढुंगणाला कळलं, मग डोळ्यांना. गोठा खाली गेला, खुर्च्यांची रांग खाली गेली, ओढ्याकाठची झाडं वरून कोबीच्या गड्ड्यांसारखी दिसायला लागली. कापलेल्या गवताचा वास थेट वरपर्यंत येत होता. तिने हळूच दांडा डावीकडे कलवला आणि विमान डावीकडे वळलं. इतकं साधं. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे झालं होतं, ते आता तिला घेऊन वळत होतं. ती मोठ्याने गायला लागली. चर्चमध्ये जे चालू असताना ती कायम ओठ मिटून उभी राहायची, तेच भजन, बेसूर आणि मोकळ्या गळ्याने.

दुसरं कडवं संपायच्या आत इंजिन अडखळलं.

एकदा, मग लगेच पुन्हा. तिने हवेचा खटका ओढला, पेट्रोलची तोटी पाहिली, तोटी उघडीच होती. इंजिनाने दोन हुंदके दिले आणि ते बंद पडलं. पंखा समोर उभा राहिला, कुंपणाच्या फळीसारखा. मग फक्त तारांमधून वाऱ्याचं शीळ घालणं. आर्डिथचे हात आधीच कामाला लागले होते. त्यांनी नाक खाली केलं, वेग धरला. घराकडची धावपट्टी दूर होती. समोर ऑरिन ट्वेइटचं गवताचं रान होतं, कापून ओळी लावून ठेवलेलं. दोन ओळींमधली पट्टी तिने नजरेने पक्की केली, आणि एवढं तिला लख्ख आठवतं, की तेव्हा भीती वाटायला सवडच नव्हती. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान गवताच्या ढिगाला नाक लावता लावता थांबलं.

ऑरिन ट्रॅक्टर घेऊन आला. हे विमान एक दिवस आपल्या गायींवर पडणार, असं तो तीन वर्षं गावभर सांगत होता.

"म्हटलं नव्हतं, पडेल म्हणून?"

"पडलं नाही, उतरलंय," आर्डिथ म्हणाली. ती बैठकीतून उठली नाही.

ऑरिनने विमानाभोवती एक फेरी मारली. सगळं धड आहे हे पाहून त्याची जरा निराशा झाल्यासारखी वाटली. मग त्याने थर्मासमधली आपली कॉफी तिला दिली.

तेवढ्यात डेल्मरची गाडी कुंपणाचं फाटक न लावताच आत शिरली, मागच्या हौद्यात लव्होन आणि चार बायका. डेल्मर चेहऱ्याने पांढराफटक. त्याने आर्डिथच्या खांद्याला हात लावला, मग दंडाला, मग बाजूला जाऊन खिशात हात घालून उभा राहिला. बायकांनी तिची विचारपूस एका वाक्यात उरकली आणि सरळ पंखाखाली शिरून आपापले टाके बघायला लागल्या.

आर्डिथने विचार केला. पेट्रोल आहे, तोटी उघडी आहे, तरी इंजिन उपाशी मेलं. ती चाकावर चढली आणि तिने टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. झाकणात हवा आत जायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा यावी लागते. ते भोक लाल रंगाने बुजलं होतं.

डेल्मरने झाकण हातात घेतलं.

"मी रंगवलं," तो म्हणाला.

"आणि मी सकाळी त्यावरून हात फिरवला. किती छान दिसतंय म्हणाले आणि पुढे गेले. दोघांनी मिळून केलंय ते."

ऑरिनने न सांगता गवताच्या भाऱ्याच्या तारेचा तुकडा तोडून दिला. डेल्मरने भोक साफ केलं, तोंडाने फुंकून पाहिलं, पुन्हा तार घातली, पुन्हा फुंकलं. मग म्हणाला, की पंख उतरवून विमान गाड्यावर घालून घरी न्यावं. आर्डिथ रानाच्या लांबीकडे बघत होती. डेल्मर तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिची ही नजर त्याने फार वेळा पाहिली नव्हती. शेवटचं म्हणजे ती त्याला पहिल्यांदा नाचायला घेऊन गेली तेव्हा.

"हे बघ," तो म्हणाला, "शेपूट ट्रॅक्टरला बांधू. इंजिन इथेच पूर्ण जोरात चालवू, मघा चाललं त्याच्या दुप्पट वेळ. नाही अडखळलं, तर मग तुझं तू ठरव."

"आणि अडखळलं तर?"

"तर गाड्यावर. आणि तू भांडायचं नाहीस."

तसं केलं. इंजिन गर्जत राहिलं, गवताचा भुगा उडून ऑरिनच्या टोपीत गेला, डेल्मर घड्याळाकडे बघत उभा राहिला. वेळ संपली तरी तो थांबायची खूण करायला हात वर करेना. शेवटी लव्होनने त्याचा हात धरून वर केला. इंजिनाने एकदाही चूक केली नव्हती.

मग ऑरिनने आपल्या ओळी आपणच बाजूला ओढल्या, उरलेलं बायकांनी दाताळ्यांनी सारलं. डेल्मरने दोरी सोडली. विमान निम्म्या रानातच उचललं गेलं. आर्डिथने वरून एक घिरटी घेतली. खाली सगळे टोप्या हलवत होते. डेल्मर मात्र गाडीकडे पळत होता, तिच्या आधी घरी पोचायला. तो काही पोचला नाही.

उन्हाळाभर ती एकटीच उडत राहिली. दर उड्डाणानंतर डेल्मर कुत्र्याच्या अंगातल्या गोचड्या शोधाव्यात तसा विमानाची तार न् तार, खिळा न् खिळा धुंडाळायचा, तेल बदलायचा, ढिला दिसेल तो बोल्ट आवळायचा. आपण वर जावं असं त्याला एकदाही वाटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. संध्याकाळी कुरणाच्या कडेला उलट्या बादलीवर बसून तिची वाट बघण्यात तो खरोखर सुखी होता. आधी आवाज यायचा, मग झाडांमागून पिवळा ठिपका. त्या ठिपक्याला बघून तो बादलीवरून उठायचा, दर वेळी जणू ठिपका पहिल्यांदाच येतोय.

शरदात अटीचे तास भरले. पुढच्या बैठकीत कोण बसणार यावर बुधवारच्या बायकांत महिनाभर कुजबुज झाली. लव्होनने ऐकून घेतलं आणि ठरलेल्या दिवशी नवऱ्याची जुनी कानटोपी घालून सरळ येऊन उभी राहिली. तिला दोघांनी उचलूनच आत बसवावं लागलं. मॅपलची झाडं लालभडक झाली होती. आर्डिथने तिला नदीवरून नेलं, चर्चच्या कळसाशेजारून आणलं. पुढच्या बैठकीत कानटोपी ना डावीकडे वळली, ना उजवीकडे. मावशी घाबरली बहुतेक, असं आर्डिथला वाटलं आणि तिने उतरण अगदी अलगद केली.

इंजिन थांबलं. डेल्मर शिडी घेऊन आला. लव्होन हलेना. तिचे गाल वाऱ्याने लाल झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मावशी, बरं वाटतंय ना?" आर्डिथने मागून विचारलं.

"तुझा पंखा थांबतोय की काय म्हणून मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत बसले," लव्होन म्हणाली. "गाव बघायचं राहूनच गेलं. पुन्हा ने."

डेल्मरने शिडी गवतात आडवी टाकली आणि तो पंखा ओढायला पुढे गेला.