बोगद्यातले रोडगे

जुन्या रेल्वेच्या बोगद्यात गावाने केलेल्या बागेत बावीस कुंड्या होत्या, सहा बाकं होती आणि आतलं टोक भिंतीने बंद होतं. समताने सगळं मोजलं. ती हवा तपासायला कॉलेजचं वायुमापक घेऊन आली होती, घरचे सहलीला.

बाहेर वारा सुटला, म्हणून घरच्यांनी रोडगे भाजायला गोवऱ्या आतच पेटवल्या होत्या आणि चांगुणा आत्या राखणीला बसली होती. तासाभराने समता आणि तिचा भाऊ प्रसेनजित आत आले, तेव्हा आत्या बाकावर आडवी झाली होती.

"काय वो आत्या, रोडगे खायच्या आधीच झोपली?" प्रसेनजित हसला.

आत्या हलेना. धूर नव्हता, नुसते लाल निखारे. समताने बाकाशी मापक सुरू केलं.

"दादा, उचल तिले! पयले बाहेर!"

उघड्यावर आत्या ओकली. मग कण्हली, "माय वो... रोडगे करपले काय?"

समताने हातातलं मापक पुन्हा पाहिलं. कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या, न दिसणाऱ्या विषारी वायूची सुरक्षित मर्यादा पस्तीस पीपीएम, असं मापकाच्या पाठीवर छापलेलं होतं. पडद्यावर बाकाजवळचा आकडा थांबला होता : एक हजार दोनशे चाळीस.