पांढऱ्या पायमोज्यांची माशी

मानवी ज्ञानाच्या सीमा रुंदावणारे क्षण इतिहासात फार थोडे येतात. त्यातला एक आमच्या ताईच्या स्वयंपाकघरात आला आणि ताईने त्याच्यावर पेला उपडा घातला.

पेल्याखाली माशी होती. तिळापेक्षा लहान. फुलदाणीतलं पाणी बदलायला ताई नेहमीप्रमाणे विसरली होती आणि त्या हिरव्या पाण्यातून ही स्वारी वर आली होती. ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, संग्रहालयात चाळीस वर्षं माश्या बघून निवृत्त झालेले. त्यांनी भिंग लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. सहाही पायांच्या टोकांना पांढरे पायमोजे! अशी माशी जगात कुणी नोंदवलेली नव्हती.

"हिला माझं नाव द्या," ताई म्हणाली. "दागिना नाही, कुठे फिरणं नाही. निदान माशी तरी!"

दाजींनी वर्णन लिहायला घेतलं. माशीच्या पाठीवरचे केस मोजले, अकरा भरले. दाजींच्या डोक्यावरही तेव्हा साधारण तेवढेच होते. चौदा पानं झाली. शोधपत्रिकेच्या संपादकांनी उलट टपाली कळवलं: नमुना नर आहे, मादी मिळाल्याशिवाय छापता येणार नाही.

"म्हणजे बायकोवाचून अडलं म्हणायचं," असं म्हणून ताई पोट धरून हसली.

दोन महिन्यांनी ताई गेली.

त्याला तीन वर्षं झाली. फुलदाणी ओट्यावर तशीच आहे. आत कोणती फुलं होती, हे आता फुलांनाही सांगता येणार नाही. वासापायी कामाच्या बाईंनी दोनदा काम सोडलं.

"ओतून टाका की ते," मी एकदा म्हणालो.

"शास्त्राचं काम आहे. मादी येईपर्यंत हलवायचं नाही."

पाणी आटलं की दाजी चमच्याने भर घालतात आणि रोज सकाळी भिंग घेऊन समोर बसतात. दाढी मात्र आठवड्यातून एकदा.

परवा गेलो तेव्हा चहा मीच केला. कप ठेवतोय तोच माझ्या कपाच्या काठावर ती येऊन बसली. दाजींनी हळूच माझा कप ओढून घेतला, तिला हुसकून ओट्यावर उतरवलं आणि पेला उपडा घातला. तोच पेला. काचेतून दोघांनी आळीपाळीने भिंग लावलं. सहा पाय, सहा पायमोजे, टपोरं पोट. मादी.

"दाजी, झालं की हो! ताईचं नाव लागलं!"

स्पिरिटची बाटली हाताशीच होती. आता माशी बाटलीत जाणार, वर्णन टपालात आणि फुलदाणीतलं पाणी मोरीत. दाजी फुलदाणीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला उचलला.

"ही ती नव्हे."

"अहो, पायमोजे..."

"धूळ आहे ती."

खोटं बोलणारी माणसं मी जन्मभर पाहिली, पण इतकं वाईट खोटं बोलणारा हा पहिलाच. मी मान डोलावली. माशीने फुलदाणीला एक फेरी मारली आणि पुन्हा माझ्या कपाच्या काठावर येऊन बसली.

"दुसरी येईल," दाजी म्हणाले. "तू तेवढी कपावर बशी ठेव रे. बुडायची बिचारी."